मध-मिरची आणि मिर्होरोदचा भोपळा

४ सप्टेंबर, झितोमिर

"नमस्कार, विन्नित्सा!" — अशी सुरुवात केली आमच्या पराश्का बाईसाहेबांनी. झितोमिरमध्ये! शहराच्या वाढदिवसाला, महापौरांच्या तोंडावर. आधी शांतता, मग शिट्ट्या, मग कुणीतरी सूर्यफुलाच्या बियांची अख्खी पुडी स्टेजवर भिरकावली. पराश्काने, स्टेजवरचं नाव एरिका, ती झेलली आणि वर "थँक्यू" म्हणाली.

मी पुढे होऊन सावरलं. "आमच्या एरिकाचं मन विन्नित्सातल्या एका मुलावर जडलंय, तिला माफ करा!" लोक हसले. सात वर्षं हेच चाललंय. ती सांडते, मी पुसते.

परतीच्या गाडीत ओस्तापोविच लालबुंद. आमचे निर्माते, मालक, जे काय म्हणायचं ते. "प्लातोन, ह्यापुढे एरिकाचा माइक उघडायचाच नाही. कधीच! जे बोलायचं ते स्तेला बोलेल." स्तेला म्हणजे मी. प्लातोन आमचा साउंडवाला, त्याने नुसती मान हलवली. गाण्याच्या वेळी तर दोघींचेही माइक बंदच असतात. गाणं आधी रेकॉर्ड केलेलं, आम्ही फक्त तोंड हलवायचं. आमच्या धंद्यात ह्याला 'प्लायवूड' म्हणतात. माइक उघडतो तो दोन गाण्यांच्या मधल्या गप्पांपुरता.

पराश्का त्याच बिया सोलत बसली होती. म्हणाली, "बरं झालं बाई. मला तसंही काय बोलावं ते सुचत नाही."

६ सप्टेंबर

आज एका मासिकाची मुलगी आली होती. "तुमच्या जोडीचं मध-मिरची हे नाव कसं सुचलं?" मी ठरलेलं उत्तर दिलं — स्त्रीचा गोडवा, स्त्रीची धग, वगैरे वगैरे. खरं म्हणजे ओस्तापोविचना ते बाटलीवरून सुचलं. मध आणि मिरची घातलेली दारू, घरोघरी असते, तीच त्या दिवशी टेबलावर होती. "पिवळ्या केसांची ती मध, काळ्या केसांची ती मिरची. पोरींनो, प्यालेल्या माणसाच्याही लक्षात राहील!" पराश्काची एरिका झाली, कारण पराश्का नावाची बाई दूध घालायला येते, गायला नाही. मी स्तेफा, माझी स्तेला झाली.

आणि आवाज? पहिल्या दिवशी स्टुडिओत पराश्काने तोंड उघडलं तेव्हा रेकॉर्डिंगवाला कानावरचे हेडफोन काढून सिगरेट ओढायला निघून गेला. मग वरचा आवाजही मीच गायले, खालचाही मीच. तेव्हापासून प्रत्येक गाण्यात दोन्ही बाया मीच! करारात लिहिलंय, कुणाला सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. आईला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या कोलोमिया गावाला कळलंच.

११ सप्टेंबर

ओस्तापोविच आज चहा पिता पिता म्हणाले, "नव्या वर्षापासून तुमच्यातली एक बदलावी लागेल. चॅनेलवाले म्हणतात चेहरे शिळे झाले." पाव शिळा झाल्यासारखं! "कोण बदलायची?" मी विचारलं. "बघू. पैसा लावणारा सापडला की तो सांगेल."

खरं लिहायचं तर घाबरले. कागदोपत्री मी सव्वीस, खरी एकतीस. ह्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. पण मग शांतपणे विचार केला. आवाज कुणाचा? माझा. खिडकीचा पडदा बदलतात, भिंत कोण बदलतं? पराश्का बिचारी जाणार. वाईट वाटेल. थोडं.

१६ सप्टेंबर

पैसा लावणारा सापडला. येमेल्यान फेदोरोविच, सॉसेजचा कारखाना. मिशा अशा की त्याखाली दोन कुटुंबं राहतील. लोक फुलं आणतात, हा सूटकेस भरून सॉसेज घेऊन आला. नवा अल्बम, दोन व्हिडिओ, सगळा खर्च त्याचा. बदल्यात 'मध-मिरची' नावाची सॉसेज आणि पाकिटावर आम्ही दोघी!

बोलत होता ओस्तापोविचशी, डोळे पराश्कावर. भुकेल्या माणसाने बोर्श्ट सूपच्या वाडग्याकडे बघावं तसा. आणि ही मोहरी लावून त्याचंच सॉसेज खाण्यात गर्क.

पाकिटासाठी फोटो काढले. फोटोग्राफर मला म्हणाला, "स्तेला, जरा हसा." मी म्हटलं, "हसतेच आहे." तो म्हणाला, "मग जरा कमी हसा."

२२ सप्टेंबर

मेकअप करताना पराश्का एकदम म्हणाली, "येमेल्यानने मला विचारलं."

"काय?"

"लग्नाचं. आणि बाकीचंही."

"बाकीचं म्हणजे?"

"काही नाही गं. उत्तर मिर्होरोदला हवंय त्याला. तिथे येणार आहे कार्यक्रमाला."

मी म्हटलं, "अगं मग हो म्हण की! कारखान्याची मालकीण होशील. जन्मभर कुणी गायला सांगणार नाही." हे जरा लागेल असं बोलले, मुद्दामच. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझी पापणी निघालीय," आणि माझी खोटी पापणी बोटाने नीट चिकटवून दिली.

मधाचं बोट लागलंय हिला, दुसरं काय. हो म्हणेल आणि जाईल. मला आयती नवी मध मिळेल, तीही विशीतली. चला, न भांडता सुटलं.

२७ सप्टेंबर, मिर्होरोद

देवा! आज जे झालं ते कसं लिहू!

सुगीची जत्रा. स्टेजभर कणसं, सफरचंदं, कोबी. आमचं गाणं सुरू व्हायच्या आधी गावच्या प्रमुखाने जत्रेतला पहिल्या नंबरचा भोपळा आणून पराश्काच्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा. तेवढ्यात प्लातोनने गाणं सुरू केलं. मला वाटलं, बाजूला ठेवील कुठेतरी. ती पायऱ्या उतरली, उंच टाचांवर लटपटत, सरळ पहिल्या रांगेत गेली आणि येमेल्यानच्या मांडीवर भोपळा ठेवून आली!

मागणी घालणाऱ्या माणसाला मुलीने भोपळा दिला म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. नको म्हणायची हीच तर रीत आहे. पाहुण्यांनी गुपचूप भोपळा उचलायचा आणि घरी जायचं. आणि ते सुद्धा निदान घराच्या आत होतं! इथे तीन हजार माणसं. आधी एक बाई किंचाळून हसली, मग सगळं मैदान. येमेल्यान मांडीवर भोपळा घेऊन बसलेला, मिशा थरथरतायत. आणि वर स्टेजवर माझाच आवाज दोन सुरांत "ये ना जवळ ये ना" करतोय!

पराश्का परत वर आली, हात मोकळे झाले म्हणून नाचायला लागली. चेहऱ्यावर काही नाही. नक्की सांगते, तिला कळलंसुद्धा नसणार. झितोमिरला विन्नित्सा म्हणणारी बाई ती. हातात ओझं होतं, समोर ओळखीचा माणूस दिसला, दिलं ठेवून!

२८ सप्टेंबर

सगळ्या पेपरांत. "मधाने दिला भोपळा!" एकाने तर येमेल्यानच्या डोक्याच्या जागी भोपळा काढलाय, मिशांसकट.

३० सप्टेंबर

येमेल्यानने अंग काढून घेतलं. अल्बम नाही, व्हिडिओ नाहीत, काही नाही. ओस्तापोविच आज अक्षरशः माझ्यापुढे हात जोडून उभे होते. "स्तेला, तूच काहीतरी कर. तुझं डोकं चालतं. अल्बम गेला तर मध-मिरचीच गेली, मग कसली मध आणि कसली मिरची!"

पराश्काला विचारलं, "बये, असं का केलंस?" तर म्हणाली, "जड होता."

झालं! माझं म्हणणं खरं निघालं. आता ह्या बयेच्या अकलेपायी माझी सात वर्षं पाण्यात जाणार. जाऊन भेटतेच त्या मिशांना.

२ ऑक्टोबर

गेले. जिंकून आले!

कारखान्यात एवढा लसणाचा वास की माझे केस अजून सॉसेजसारखे लागतायत. येमेल्यान आधी भेटेचना. मग भेटला, तर खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, "येमेल्यान फेदोरोविच, तुम्ही शहाणे माणूस. ती पोरगी साधी. गाणं सुरू झालं, नाचायला हात मोकळे हवेत, भोपळा खाली टाकला तर गावाचा अपमान. कुणाच्या हातात देणार? एवढ्या माणसांत तिला एकच आपला माणूस दिसला."

"आपला?" तो वळला.

"मग! परक्याच्या मांडीवर कुणी ठेवतं का?"

मिशा हळूहळू वर जायला लागल्या. "म्हणजे ते नाही नव्हतं?"

"नाही कसलं! तिला नाही म्हणायचं असतं तर ती तुमच्याकडे बघून लाजली असती का?" (लाजली वगैरे काही नव्हती. उन्हाने लाल झाली होती.)

तासाभरात फोन गेला ओस्तापोविचना. अल्बम परत, व्हिडिओ परत. "आणि बाकीचं सगळं आपल्यात ठरलं तसंच," असंही म्हणाला फोनवर. माझ्या वाट्याला दहा किलो सॉसेज! ती ऐटीत घेऊन आले.

३ ऑक्टोबर

पराश्काला सांगितलं. वाटलं, गळ्यात पडेल. ती बसलीच खाली, मेकअपच्या पेटीवर.

"तू त्याच्याकडे गेली होतीस? स्तेफा, तू? स्वतःहून?"

"हो. आभार मग मान सावकाश."

आणि हसायला लागली. असं हसली, असं हसली की काजळ गालांवर उतरलं. प्लातोन डोकावून बघून गेला. मी विचारलं, काय झालं एवढं? म्हणाली, "काही नाही. तुझं डोकं चालतं ना, तेच."

उपकाराची किंमत नाही ह्या बाईला.

२१ ऑक्टोबर

अल्बमची बारा गाणी गाऊन झाली. दोन्ही आवाज धरून चोवीस! घसा सुजलाय, गरम दुधात मध-लोणी घालून पितेय. पण काय गायले! शेवटच्या गाण्याला रेकॉर्डिंगवाल्याने सिगरेट विझवून टाळ्या वाजवल्या. आयुष्यात एवढं चांगलं कधी गायले नव्हते. पराश्का सगळे दिवस काचेपलीकडे बसून होती. तिचं तिथे काय काम होतं कोण जाणे. मधूनमधून डोळे पुसत होती. मला वाटलं, आपण जाणार हे कळलंय हिला. कळवळले जरा, आणि घरी आणलेलं सॉसेज तिला दिलं. घेतलं नाही.

१२ नोव्हेंबर

मी.

मी जाणार आहे. मी!

ओस्तापोविचनी केक मागवला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. "येमेल्यानची अट पहिल्यापासून तीच होती, स्तेला. पाकिटावर मिरची रागावलेली दिसते म्हणतो, गिऱ्हाईक हात मागे घेतं. एक नवी पोरगी बघितलीय, वीस वर्षांची, चेर्निहिवची. तुझ्याहून जरा बारीक."

मी म्हटलं, "आणि गाणार कोण?"

ते माझ्याकडे बघून खरंच चकित झाले. "गाणार कोण म्हणजे? गाऊन झालंय की! बारा गाणी आहेत, पाच वर्षं चालतील. आवाज आहेच गं. आता चेहरा हवा."

आवाज आहेच! त्यांचाच आहे तो, विकत घेतलेला. भ्रमाचा भोपळा काय असतो ते आज कळलं मला. भिंत म्हणे! भिंतीला घराबाहेर काढलं, आणि घर जागच्या जागी उभं आहे. वर त्यांनी केकचा तुकडा डब्यात घालून दिला. आणि मी तो घेतला!! हेच सगळ्यात जास्त झोंबतंय.

१३ नोव्हेंबर

पराश्काच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोलले. गाढव म्हटलं, दगड म्हटलं, माझ्या गळ्यावर जगणारी गोचीड म्हटलं. "तुला माहीत होतं! सप्टेंबरपासून माहीत होतं! 'बाकीचंही' म्हणजे हेच ना? तुझं लग्न आणि माझी हकालपट्टी! आणि गप्प बसलीस!"

ती सिरनिकी, पनीरच्या गोड टिक्क्या, तळत होती. तव्यावरून काढून बशीत एक-एक ठेवत राहिली. मग म्हणाली, "भोपळा कशाला दिला होता असं वाटतं तुला?"

मी खुर्ची ओढून बसले.

"तुला सांगितलं असतं तर तू जाऊन भांडली असतीस, आणि त्याच दिवशी बाहेर गेली असतीस. म्हटलं आपण त्यालाच मोडू. असं मोडू की पुन्हा तोंड दाखवायला नको. सगळ्या गावासमोर. मला दुसरं काय येतं स्तेफा? मला गाता येत नाही, बोलता येत नाही. भोपळा देता येतो." तिने गॅस बंद केला. "आणि तू जाऊन त्याला पटवून आलीस की मी मूर्ख आहे."

मग मला बशी दिली, आंबट साय दिली. मी खाल्लं. रडत होते आणि खात होते. कुठल्या तोंडाने माफी मागायची ते कळेना, म्हणून आणखी एक मागितली.

विचारलं, "आता तू काय करणार?" म्हणाली, "फेब्रुवारीपर्यंत करार आहे. मोडला तर दंडापायी गावची गाय, घर, सगळं जाईल आईचं. लग्नाला मात्र नाही म्हणून सांगितलंय, ह्या वेळी शब्दांत. तो म्हणतो, लाजतेय. तुझ्यामुळे बरं का!"

१४ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही.

८ डिसेंबर, कोलोमिया

आईकडे. दुकानात सॉसेजची पाकिटं आलीत. नवी मिरची छान हसते. आईने ती घेतलीसुद्धा. "स्वस्त आहेत," म्हणाली. आणि वर, "तुला काढलं ते काढलं, पण ती सोनेरी केसांची काय गोड गाते गं! तू तिच्याजवळ एवढी वर्षं राहिलीस, थोडं शिकायचं होतंस." मी मूग गिळून बसले. करार. सॉसेज मात्र दोन खाल्ली. चांगली आहेत, मेली!

७ जानेवारी

नाताळ, आमच्याकडे जुन्या पंचांगाप्रमाणे आजच. चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांनी ओढून नेलं. मागे उभी राहून हळूच गायले. शेजारची बाई वळून म्हणाली, "अगं, तुझा आवाज थेट त्या रेडिओवरच्या एरिकासारखा लागतो! जरा कमी, पण तसाच."

१३ जानेवारी

राजधानीच्या चौकातून जुन्या पंचांगाच्या नववर्षाचा कार्यक्रम, टीव्हीवर थेट. आईने हट्टाने लावला. बर्फ, रिवाजाप्रमाणे बकरीचे मुखवटे घातलेली पोरं, आणि मग मध-मिरची. माझं शेवटचं गाणं, ते टाळ्यांचं. सूर सुरू झाला. नवी मिरची जबडा हलवायला लागली.

पराश्काने तोंड उघडलं नाही.

मला वाटलं, विसरली. पहिलं कडवं गेलं. वरचा आवाज घुमतोय सगळ्या चौकावर, आणि ती माइक हातात धरून, ओठ घट्ट मिटून, सरळ कॅमेऱ्यात बघत उभी. कॅमेरा दुसरीकडे वळला, परत आला, अजून तशीच. तिचा माइक बंदच असतो. ती ओरडली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. दुसरं कडवं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिसरं. तिच्या आईच्या गायीचा, घराचा, सगळ्याचा विचार करूनच ती उभी असणार. एकदाही ओठ हलवले नाहीत.

आईने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "ही तर गातच नाहीये! मग गातंय कोण?"

"मी," म्हटलं.